एका फेऱ्यात चार बोटं

होळीच्या आत बाबांकडून गाडीची किल्ली काढून घ्यायची, असं माझ्या धाकट्या भावानं पुण्यात बसून ठरवलं आणि मला फोनवर कळवलं. तेव्हापासून मला एका जागी बसवेना. कंपनीच्या बसमध्ये बसले की खिडकी उघड, खिडकी लाव. घरी आले की जिना उतर, जिना चढ. मी वरच्या मजल्यावर राहते, बाबा खाली. आई गेल्यापासून आमचं असंच चाललंय. स्वयंपाक ज्याचा त्याचा, भांडण मात्र एकत्र.

किल्ली म्हणजे नुसती किल्ली नव्हती. काटोलकडे आमची संत्र्याची छोटी बाग आहे. बाबा आठवड्यातून दोनतीनदा तिथं जातात, झाडांखालून हिंडतात, पाणी सोडतात, डबा खातात आणि संध्याकाळच्या आत परत येतात. गाडी गेली की बागेत जाणं गेलं, आणि जाणं गेलं की बाग विकणं आलं. भावानं गिऱ्हाईकसुद्धा पाहून ठेवलं होतं. "ताई, उद्या रस्त्यात कुठं ठोकली तर आपण दोघं जन्मभर रडत बसू," तो म्हणायचा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, त्याचाच मला जास्त राग यायचा.

गाडी हाही त्याचाच उद्योग. जुनीच, पण चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली. घरी आणली तेव्हा मी मनसोक्त हसले होते. नागपुरात चढ म्हणाल तर सेमिनरी हिल्स, आणि तिथं माझी स्कूटरही एका दमात जाते. ही डोंगर चढायची गाडी घेऊन बाबा कोराडी रोडवर काय चढणार होते? पण पावसाळा आला आणि माझं हसू बंद झालं. बागेच्या वाटेवर काळी माती आहे. ती ओली झाली की चाकाला अशी धरते की साधी गाडी तिथंच बसते आणि बैलजोडी शोधत फिरावं लागतं. ही मात्र चारही पाय रोवून गुरगुरत बाहेर यायची. बाबा त्या दिवसांत गाडीला अंगणात पाइपानं धुवायचे आणि मधूनमधून तिच्याशी बोलायचे. मी वरून ऐकायची.

बाबांची सगळी नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात, कोळशाच्या पट्ट्यावर. रेल्वेच्या वाघिणीतून उतरलेला कोळसा रबराच्या लांबच लांब पट्ट्यावरून आत जातो, त्या पट्ट्याची देखभाल. घरी आले की कानाच्या पाळीमागेसुद्धा काळं असायचं. त्यांना यंत्र दिसत नसे, ऐकू येत असे. स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा आवाज बदलला तर ते पेपर खाली ठेवायचे.

आता दिवाळीची गोष्ट. भाऊ घरी आला होता. पुण्याला गेल्यापासून त्याचं 'मले-तुले' जाऊन 'मला-तुला' आलंय आणि दर दिवाळीला घरातल्या काहीतरी वस्तूत त्याला धोका दिसतो. एका वर्षी गॅसची नळी, एका वर्षी गच्चीचा कठडा. यंदा टायर. "बाबा, पुढचे टायर किती गुळगुळीत झालेत, बघा तरी." धरमपेठेत मित्रांकडे जातो म्हणून गाडी घेऊन गेला आणि दोन नवेकोरे टायर पुढं बसवून आला. हार घालायचा तेवढा बाकी होता. बाबांनी दोन्ही टायरांवरून हात फिरवला, "फस्टक्लास" म्हणाले, आणि त्या दिवशी जेवताना एक अनरसा जास्त खाल्ला.

आमच्याकडे टायर कधी चार घेतले जात नाहीत. जोडीनं घ्यायचे. नवी जोडी पुढं, पुढची मागं, मागच्यातला त्यातल्या त्यात बरा स्टेपनीला, आणि उरलेला बागेत, त्यात झेंडू लावायला. बाबांनी असंच केलं, शेजाऱ्यांनी असंच केलं, उभ्या नागपूरनं असंच केलं आणि सगळ्यांच्या गाड्या चालल्या. भावानं त्यात आपली अक्कल एवढीच घातली की एका नंबरानं जाड टायर घेतला. जाड म्हणजे मजबूत, गाडी जरा उचललेली राहील, बागेच्या बांधावर खाली घासणार नाही. दुकानदारानंही रिमचा आकडा दाखवून सांगितलं, सतराला सतरा, बसते म्हणजे चालते.

दिवाळीनंतर गाडी वळताना अडखळायला लागली.

सरळ रस्त्यावर काही नाही. पण चौकात स्टिअरिंग पुरतं फिरवलं की गाडी थरथरायची, आतून कुणी आखडून धरल्यासारखी थांबायची आणि मग धक्का देऊन सुटायची. मी शेजारी बसलेली असायची. पहिल्यांदा मला वाटलं बाबांनी क्लच चटकन सोडला. दुसऱ्यांदाही तेच वाटलं. मानकापूर चौकात एकदा मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना, आणि मी बाबांवर खेकसले, "बाबा, पाय नीट ठेवा ना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी पुढं घेतली.

एकदा मनात आलं की मग सगळंच तसं दिसायला लागतं. दर रविवारी पाहावं तर पुढच्या दोन्ही चाकांत हवा कमी. बाबा हवा बघायला विसरतात, असं मी धरून चालले. त्यांना गाडी पंपावर न्यायला लावायची, शेजारी उभी राहून हवा भरून घ्यायची, आणि येताना त्यांना दोन शब्द सुनवायची. पुढच्या रविवारी पुन्हा कमी. मग एक दिवस गाडी बाहेर गेलेली असताना अंगणातल्या सिमेंटवर हिरव्या रंगाचे छोटे छोटे पट्टे दिसले. दिवाळीआधी गेटला दिला होता तोच रंग. मला वाटलं, गाडी सरळ लावता येत नाही म्हणून बाबांनी स्वतःसाठी खुणा करून ठेवल्यात. मी भावाला फोन करून तेही सांगितलं. त्यानं सगळं मनात नोंदवून ठेवलं असणार.

फेब्रुवारीत नात्यातलं एक लग्न होतं, शहराबाहेरच्या एका लॉनवर. भाऊ आला होता. निघताना बाबा गाडी चालवत होते, मी पुढं, भाऊ मागं. लॉनच्या गेटातून बाहेर पडून लगेच उलटं वळायचं होतं, आणि तिथं हिनं आपलं खरं रूप दाखवलं. थरथरली, आखडली, बंद पडली. मागं वऱ्हाडाच्या गाड्यांची रांग. बाबांनी पुन्हा सुरू केली, तशी ती एकदम सुटली आणि गेटाजवळची मोठी कुंडी आडवी झाली. कुंडी फुटली, बंपरला पोचा आला, बाकी काही नाही. पण सगळ्या पाहुण्यांनी पाहिलं. एक काकू खिडकीशी येऊन म्हणाल्या, "अहो, आता पोराले चालवू द्या ना, काहून जीव टांगणीले लावता सगळ्याइचा." बाबा खाली उतरले. त्यांनी आधी कुंडीतलं रोप उचलून बाजूला ठेवलं, मग किल्ली भावाच्या हातात दिली.

घरापर्यंत भावानं चालवली. नेमका सगळा रस्ता सरळ. गाडी लोण्यासारखी गेली. उतरताना त्यानं माझ्याकडे एक नजर टाकली, तिचा अर्थ मला कळला आणि मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. का, ते सांगता आलं नसतं, कारण मलाही तेच वाटत होतं.

तो पुण्याला गेला आणि तिथून तो होळीचा फोन आला. हे सगळं तिथून सुरू झालं.

किल्ली तोवर पुन्हा बाबांच्या खिशात आली होती. मला काही सुचत नव्हतं. मग मी ठरवलं की आपण आपल्या डोळ्यांनी पाहू. रविवारी त्यांच्याबरोबर बागेत गेले आणि जाताना, येताना रस्त्याकडे न बघता त्यांच्या पायांकडे बघत बसले. बाबांच्या ते लक्षात आलं असणार. "पायात काटा रुतला काय वं माह्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, सहज. त्यांचे पाय अगदी स्थिर होते. क्लच असा हलके सुटत होता की मला जमणार नाही. आणि तरी चौक आला की थरथर, धक्का.

बागेत आणखी एक गंमत पाहिली. पाणी सोडल्यामुळे वाट चिखलाची होती. तिथं बाबांनी गाडी पुरती वळवली, मागं घेतली, पुन्हा वळवली. गाडीनं हूं केलं नाही. परत सिमेंटच्या रस्त्यावर आलो आणि पहिल्याच वळणावर पुन्हा तेच.

"बाबा, जरा मला द्या," मी म्हटलं. मी मोकळ्या जागी गाडी वळवली. माझ्या हाताखाली, माझ्या पायाखाली ती तश्शीच आखडली आणि तश्शीच सुटली.

मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पाठोपाठ राग. बाबा शेजारी बसून बाहेरच्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पाहत होते. "गाडीतच काहीतरी आहे," मी म्हटलं. "असंन," ते म्हणाले. एवढंच. माणसाला सुटल्यासारखं वाटावं की नाही? यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

मेकॅनिकला दाखवली. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन हलवलं, जुन्या गाडीत असं होते म्हणाला, बॉनेट लावलं. दुसऱ्यानं इंजिनाखालचं रबर बदललं. फरक नाही. होळी जवळ येत होती. भावाचा मेसेज आला की गिऱ्हाईक बाग बघायला कधी येऊ विचारतंय. मी उत्तरच दिलं नाही. रात्री कूस बदलत पडायची आणि सकाळी बुटीबोरीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घ्यायची.

उत्तर मिळालं तेही बुटीबोरीलाच. मी तिथं एका कापड कारखान्यात तपासणी विभागात आहे. त्या आठवड्यात एका यंत्रावर कापड सारखं ताणून फाटत होतं. कापड दोन रोलरांवरून जातं, दोन्ही एकाच साखळीनं फिरतात. त्यातल्या एकावर नवं रबर चढवून आणलं होतं. जुना झिजलेला, नवा जरा जाड. दोघांचेही फेरे सारखे, पण जाड रोलर दर फेऱ्यात थोडं जास्त कापड ओढत होता. तेवढ्यानं मधलं कापड फाटत होतं. मी तिथं उभी राहून ते फाटलेलं कापड हातात घेतलं आणि मला एकदम अंगणात उभी असलेली आमची गाडी दिसली. पुढं नवे जाड टायर, मागं जुने झिजलेले.

साध्या गाडीत दोन चाकं ओढतात आणि बाकीची दोन मुकाट मागून येतात, त्यांनी किती फेरे घेतले हे कुणी विचारत नाही. आमच्या गाडीत पुढची आणि मागची चाकं मधल्या एका दांड्यानं बांधलेली आहेत. पुढचं चाक मोठं असेल तर एका फेऱ्यात ते जास्त अंतर जाणार, मागच्या लहानाला तेवढंच अंतर कापायला जास्त फिरावं लागणार, आणि मधला दांडा दोघांमध्ये पिळला जाणार. चिखलात चाक थोडं घसरतं, पीळ सुटतो. सिमेंटवर घसरायला जागा नाही. वळताना तर आधीच चारही चाकांच्या वाटा वेगवेगळ्या, त्यात हा पीळ. मग ती आखडणार नाही तर काय करणार?

घरी येऊन मी पर्सही ठेवली नाही. अंगणात गाडीपाशी गुडघ्यांवर बसले आणि टायरांवरचे आकडे वाचले. मागं दोनशे पंचवीस, पुढं दोनशे पस्तीस. शेवटचा सतरा दोघांचाही सारखा, आणि सगळ्यांनी तेवढाच वाचला होता. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला स्टिकर असतो, त्यावर गाडीला कुठला टायर हवा ते छापलेलं असतं. रोज दार उघडताना दिसणारा. त्यावर दोनशे पंचवीस होतं. रुंदी वाढली की त्याच हिशोबानं टायरची उंचीही वाढते, हे माझ्यासारखीला तरी कळायला हवं होतं. वरून मागचे झिजून आणखी लहान झालेले.

तरी मला मोजून पाहायचं होतं. खडूनं पुढच्या टायरवर अगदी खाली, जमिनीला टेकतो तिथं एक रेघ मारली आणि समोरच सिमेंटवर एक. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून दाराला खांदा लावला आणि ढकलली. टायरवरची रेघ पुरी फिरून पुन्हा खाली आली तिथं हँडब्रेक ओढला, जमिनीवर दुसरी खूण. दोन्ही खुणांमध्ये सुतळी धरून कापली. मागच्या चाकाचीही तशीच. दोन सुतळ्या शेजारी धरल्या. पुढच्या चाकाची चार बोटं जास्त होती.

एका फेऱ्यात चार बोटं. इथून काटोलपर्यंत किती फेरे होतात याचा विचार मनात आला आणि मी तो सोडून दिला.

गाडी पुढं सरकली होती, त्यामुळे तिच्या नेहमीच्या जागेवरचे हिरवे पट्टे उघडे पडले होते. माझी नजर त्यांवर गेली. पुढच्या बाजूला दोन, मागच्या बाजूला दोन. गाडी लावायच्या खुणा अशा नसतात. गाडी लावायला आडवी एक रेघ पुरे. मी पुढची सुतळी नेऊन पुढच्या दोन हिरव्या पट्ट्यांवर ठेवली. बरोबर बसली. मागची सुतळी मागच्या दोन पट्ट्यांवर ठेवली. तीही बसली.

मग ती कमी होणारी हवा आठवली. बाबा विसरत नव्हते. ते मुद्दाम पुढच्या चाकांतली हवा काढत होते, तेवढाच टायर बसावा, फरक जरा कमी व्हावा म्हणून. आणि दर रविवारी मी ती पुन्हा भरायला लावत होते, वर त्यांना सुनावत होते.

मी तशीच आत गेले. ते कढईत मेथी परतत होते.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"टायर. तुम्ही मोजलं होतं. हिरव्या रंगानं."

त्यांनी गॅस बारीक केला. "दिवाळी झाली न् मोजलं. पट्टा फिरवणाऱ्या ड्रमचं असंच होत होतं आमच्या इथं. एक घासला, एक नवा, का झालं, दोघंही भांडत राहते. म्हटलं घासतीन दोन वर्षांत, होतीन बरोबर."

"दोन वर्षांत? इथं बाग विकायला निघालेत. तुमचा पाय थरथरतो म्हणून सगळीकडे झालंय. बोलला काहून नाही?"

"भाजी करपून राहिली वं," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाठ केली. भाजी करपत नव्हती. मी वर गेले, दार आपटलं आणि भावाला फोन लावला. जे होतं ते एका दमात सांगितलं, सुतळीसकट. मग तो म्हणाला, "पण मी दर फोनला विचारत होतो ना, टायर कसे आहेत. दरवेळी फस्टक्लास म्हणायचे." त्याचा आवाज बारीक झाला होता. माझा सगळा राग त्याच्यासाठी राखून ठेवला होता, तो कुठं ठेवावा कळेना.

होळीला तो आला आणि पहिल्याच दिवशी गाडी घेऊन गेला. चार टायर, चारही एका मापाचे, दाराच्या स्टिकरवर लिहिलेले. दुकानदारानं दोनच लागतीन म्हणून सांगितलं, तर हा त्याच्याशी भांडून आला. दिवाळीतले दोन टायर बाबांनी त्याला तिथं ठेवू दिले नाहीत. घरी आणायला लावले, पुसले आणि बागेत न्यायला मागं डिकीत टाकले. त्यांत झेंडू लावायचा नाही, तसेच ठेवायचे, असं मला बजावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बागेत निघालो. बाबा चालवत होते, मी पुढं, भाऊ मागं, लग्नाच्या दिवशी बसलो होतो तसेच. वाटेत ते लॉन लागतं. बाबांनी गाडी त्याच गेटात आत नेली आणि बाहेर पडताना स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं. गाडी गोल वळून रस्त्याला लागली. कुठं थरथर नाही, धक्का नाही. फुटलेल्या कुंडीच्या जागी नवी कुंडी होती. ती तिच्या जागी राहिली.

गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवलंय, असं भाऊ मागून म्हणाला. मग त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याचं पुणं कुठल्या कुठं गेलं. "बाबा, तुमाले माहीत होतं त मले सांगितलं काहून नाही?"

बाबांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा नजर रस्त्यावर घेतली.

"तू पहिल्यांदा गाडीले काही आणलं होतं गा. टायरात खोट निघाली असती त तुले वाईट वाटलं असतं," ते म्हणाले. "माह्यात निघाली, त कोनाले नवल वाटलं काय?"

पुढं काटोलकडे वळायचं होतं. बाबांनी हात दाखवला आणि गाडी वळवली.